‘वरचे मिळतेच की!’ : बलुते, बक्षिसी आणि वेतन

१

हॉटेलातले बिल चुकते केल्यावर बशीत किती पैसे ठेवावेत, हा प्रश्न वैचारिक नियतकालिकात चर्चेला घेण्याच्या योग्यतेचा आहे काय, असे कोणी विचारील. वरवर पाहता हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे. कोणी दहा टक्के सांगतो, कोणी सुटे उरतील तेवढे ठेवा म्हणतो, कोणी म्हणतो, वाढप्याला पगार मिळतो, आपण का द्यावे? परंतु बशीत पडणारा हा पैसा नेमका काय आहे, दान आहे की वेतन, हे तपासू लागलो की शिष्टाचार बाजूला राहतो आणि इतिहास समोर येतो. तो इतिहास बराचसा अमेरिकेतला आहे. तरीही तो वाचताना मला आपल्या गावच्या खळ्याची आठवण येत राहिली, आणि त्या आठवणीला कारण आहे.

माझे म्हणणे प्रारंभीच मांडतो. कष्टाचा मोबदला जिथे कराराने न मिळता देणाऱ्याच्या मर्जीने मिळतो, तिथे काम करणारा कामगार राहत नाही, त्याला याचक व्हावे लागते. आणि ही मर्जी आपोआप निर्माण होत नाही. वेतन देण्याची जबाबदारी ज्याची असते, तो ती चुकवतो आणि तिसऱ्याच्या औदार्यावर ढकलतो. हे ढकलताना तो नेहमी एकच वाक्य बोलतो : ‘वरचे मिळतेच की!’ हे वाक्य मी तीन ठिकाणी ऐकले किंवा वाचले. गावात, हॉटेलच्या गल्ल्यावर आणि अमेरिकेच्या इतिहासात.

२

माझा जन्म महारवतन खालसा होण्याआधीचा. आजा गावचा येसकर. ही येसकरपाळी घराघरांतून फिरे. पाळी आली की वर्षभर वेशीवर जागायचे, आलेल्या अंमलदाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोचवायचे, सारा घेऊन तालुक्याला जायचे, कोणी मेले तर पंचक्रोशीतल्या सोयऱ्यांना सांगावा द्यायचा, मेलेले ढोर ओढायचे. कामाला घड्याळ नव्हते. आणि या सगळ्याचा मोबदला? थोडी इनाम जमीन, तीही भाऊबंदांत वाटून तुकड्यांवर आलेली. सुगीत खळ्यावरचे बलुते. आणि सांजेला दारोदार फिरून आणलेली भाकर.

बलुते हा हक्क होता, असे जुन्या कागदांत लिहिलेले सापडते. महारांचे बावन्न हक्क बेदरच्या बादशहाने दिले, अशी परंपराही आपल्याकडे सांगत आले. परंतु हा हक्क वसूल कसा होई, ते पाहिले पाहिजे. रास होईपर्यंत आजा खळ्याच्या कडेला बसून राही. माप देणाऱ्याच्या हातात. वर्षभरात कधी उलटून बोललेले असेल, निरोप्याला उशीर झालेला असेल, तर तो राग त्या दिवशी निघे. ओली पेंढी, तळची पेंढी पदरात पडे. पीक बुडाले तर बलुते बुडे. काम मात्र बुडत नसे. जास्त बोलले तर पाटलाचे उत्तर ठरलेले : ‘जमीन हाय, बलुतं हाय, सांजची भाकर हाय. अजून काय पायजे?’ म्हणजे तेच. वरचे मिळतेच की.

या व्यवस्थेचे आर्थिक मर्म ज्याने पहिल्यांदा नेमके पकडले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२८ च्या मार्च महिन्यात त्यांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. वतनदार महार सरकारचा नोकर आहे. काम सरकार घेते. पगार मात्र सरकार देत नाही, तो रयतेच्या धान्यावर सोपवते. परिणामी नोकर सरकारचा आणि मिंधा गावाचा, अशी अवस्था होते. म्हणून बलुत्याचे रोख पैशात रूपांतर करा, ती रक्कम साऱ्यासोबत वसूल करा आणि महाराला रोख पगार द्या. ज्याला वतन सोडायचे त्याला पूर्ण सारा भरून जमीन राखू द्या. आणि कामे कोणती, हे ठरवून द्या. ते विधेयक चिकित्सा समितीच्या हाती जाऊन निष्प्राण झाले आणि बाबासाहेबांनी ते मागे घेतले. वतने खालसा व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

त्या विधेयकात बाबासाहेब बलुते वाढवून मागत नाहीत, हे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. पेंढी मोठी द्या, भाकर ताजी द्या, असे ते म्हणत नाहीत. देण्याघेण्याचा मार्गच ते बदलू पाहतात. मोबदला दारातून न येता खजिन्यातून यावा, मागून न मिळता ठरून मिळावा, असा त्यांचा आग्रह आहे. बक्षिसीचा कोणताही विचार या आग्रहापासून सुरू व्हायला हवा.

३

आता अमेरिकेकडे वळू. आपल्याला ही वाट जोतीराव फुल्यांनी दाखवलेली आहे. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्याच्या कामी औदार्य आणि परोपकारबुद्धी दाखवली होती. जोतीरावांचा तो गौरव योग्यच होता. १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली होती. परंतु सुटलेल्या माणसाला भाकर कोण देणार, हा प्रश्न मात्र कायद्याने सोडवलेला नव्हता.

जॉर्ज पुलमन या कारखानदाराने १८६७ साली निजायची सोय असलेले रेल्वेचे डबे चालवणारी कंपनी काढली. प्रवाशांची अंथरुणे घालणे, सामान उचलणे, बूट चमकवणे, रात्री घंटी वाजली की धावणे, या कामासाठी तिने गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले काळे पुरुष घेतले. हिशेब उघड होता. या लोकांना सेवेची सवय आहे, असे गोऱ्या प्रवाशाला वाटे. आणि कमी पगारात राबण्यावाचून त्यांना दुसरा मार्ग नव्हता. युरोपात हिंडून आलेल्या श्रीमंतांनी बक्षिसीची चाल त्याच सुमारास अमेरिकेत आणली होती. गोऱ्या माणसांना ती आरंभी मानवली नाही. ती लोकशाहीला न शोभणारी, सरंजामी चाल आहे, अशी टीका वर्तमानपत्रांतून झाली. परंतु काळ्या माणसाला द्यायला कोणाला संकोच वाटला नाही. १९०२ साली एका गोऱ्या पत्रकाराने या अर्थाचे लिहून ठेवले आहे की, निग्रो बक्षिसी घेतात हे अपेक्षितच आहे, ती त्यांच्या खालच्या पायरीची खूण आहे. गोऱ्या माणसाच्या हातावर पैसे ठेवायचे तर मात्र लाज वाटते. एवढ्या मोकळेपणाने आपल्याकडच्या वतनदारांनीही क्वचितच लिहिले असेल.

१९१५ साली अमेरिकन सरकारच्या औद्योगिक संबंध आयोगापुढे या कंपनीची चौकशी झाली. पोर्टरचा पगार तेव्हा महिना साडेसत्तावीस डॉलर होता. पूर्ण पगारासाठी महिन्याला ४०० तास किंवा ११,००० मैल भरावे लागत. बुटाला लावायचे पॉलिश स्वतःच्या पैशाने आणायचे, जेवणही स्वतःचे. एवढ्यात घर चालत नाही, हे कंपनीलाही मान्य होते. उरलेले प्रवासी देतात, असा तिचा हिशेब. आयोगापुढे कंपनीच्या वतीने साक्ष द्यायला जे आले, ते तिचे अध्यक्ष राहिलेले आणि तेव्हा संचालक मंडळाच्या प्रमुखपदी असलेले रॉबर्ट टॉड लिंकन. ज्या अब्राहम लिंकनांनी गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली, त्यांचे हे चिरंजीव! बापाने बेडी तोडली आणि मुलाच्या कंपनीने हातात बशी दिली. बाबासाहेब याच काळात, १९१३ ते १९१६, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

आणखी एक गोष्ट. प्रवासी प्रत्येक पोर्टरला ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारीत. पुलमनचे नाव जॉर्ज, म्हणून त्याचा नोकरही जॉर्ज. जसा गुलाम मालकाच्या नावाने ओळखला जाई. त्याला आईबापांनी ठेवलेले नाव असते, याची गरज कोणाला वाटत नसे. १९१४ साली या प्रकाराविरुद्ध एक मंडळ निघाले, तेही जॉर्ज नावाच्या गोऱ्या लोकांनी काढले, कारण हमालाशी आपले नाव जोडले जाते हे त्यांना खपत नव्हते! आपण हसू नये. आपल्या आज्यापणज्यांची नावे कागदोपत्री धोंड्या, रामा, गोप्या अशीच लिहिलेली आहेत, आणि आपल्या हॉटेलांत आजही प्रत्येक पोराचे नाव छोटू, बारक्या नाहीतर पोऱ्या असते.

२५ ऑगस्ट १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात या पोर्टरांनी आपली संघटना उभी केली. नेता म्हणून त्यांनी ए. फिलिप रँडॉल्फ यांना निवडले. रँडॉल्फ स्वतः पोर्टर नव्हते, म्हणून कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. त्या वेळी किमान पगार साडेसदुसष्ट डॉलरपर्यंत आला होता, पण बक्षिसीवाचून निभाव लागत नव्हता. संघटनेने १९२७ साली केंद्रीय वाहतूक आयोगाकडे धाव घेतली : कंपनी पगार देत नाही, पोर्टरांना प्रवाशांपुढे हात पसरायला लावते, याची चौकशी करा. हा विषय आमच्या अधिकारातला नाही, असे आयोगाने १९२८ साली सांगितले. इकडे बाबासाहेबांनी वतन विधेयक मांडले ते हेच वर्ष. दोन खंडांत, एकमेकांशी काही संबंध नसताना, दोन दलित समाज एकच मागणी करीत होते : आम्हाला देणगी नको, पगार द्या.

हा लढा सोपा नव्हता. कंपनीने हेर पेरले, सभासदांना कामावरून काढले. शिवाय विरोध आतूनही होता. बक्षिसी गेली आणि पगार वाढला नाही तर पोरांना काय घालायचे, अशी भीती अनेक पोर्टरांना होती. या भीतीला मी नावे ठेवणार नाही. वतन सोडा, असे बाबासाहेब सांगत होते तेव्हा आपल्या वस्त्यांतही ‘सोडून खायचे काय?’ हा प्रश्न होताच. शेवटी २५ ऑगस्ट १९३७ रोजी, बरोबर बारा वर्षांनी, कंपनीने करारावर सही केली. पगार वाढले, महिन्याचे ४०० तास २४० वर आले. याच संघटनेतून पुढचे नेतृत्व घडले. १९५५ साली मोंटगोमेरी शहरात बसवरचा बहिष्कार संघटित करणारे ई. डी. निक्सन हे पुलमनचे पोर्टर होते, आणि १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे प्रमुख रँडॉल्फच होते. वेतनासाठी लढलेला माणूस नागरिक म्हणून उभा राहू शकला, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

४

मग बक्षिसी बंद करून टाकावी, हा उपाय अमेरिकेत झाला नाही काय? झाला. १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने, पुढे आर्कान्सा, आयोवा, दक्षिण कॅरोलायना, टेनेसी इत्यादी राज्यांनी बक्षिसीबंदीचे कायदे केले. १९२६ पर्यंत ते सारे रद्द झाले. बशी हिसकावली, पण पगाराची हमी दिली नाही, तर दुसरे काय होणार? भाकर मागायला बंदी करून येसकराला रोख पगार न देणे, असाच तो प्रकार.

पुढे कायद्याने उलटीच वाट धरली. १९३८ साली अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा आला. त्यातून शेतमजूर आणि घरगडी वगळले होते. दक्षिणेतले काळे लोक बहुसंख्येने याच कामांत होते. हॉटेलकामगारांना या कायद्यात आणण्यासाठी १९६६ साली दुरुस्ती झाली, पण एका अटीने : गिऱ्हाईक देते ती टीप मालकाने वेतनात धरावी. ‘वरचे मिळतेच की’ या वाक्याचा असा कायदा झाला! आज अमेरिकेचे केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे. टीप मिळणाऱ्या कामगाराला मात्र मालकाने रोख २.१३ डॉलर दिले तरी चालते. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टीप कमी पडली तर उरलेले मालकाने भरावे, असे कायदा म्हणतो. पण ते मागायचे कोणी, तर ज्याची नोकरी मालकाच्या हातात आहे त्याने. २०२५ साली टिपेवरच्या करात सूट मिळाली, २.१३ डॉलर तसेच राहिले.

म्हणून अमेरिकेत पंधरा ते वीस टक्के ठेवण्याचा जो शिष्टाचार आहे, तो उदारपणाचा नियम नाही. मालकाने न दिलेला पगार गिऱ्हाइकाने भरण्याचा तो दर आहे. आपली मुले आता तिकडे शिकायला, नोकरीला जातात. या पद्धतीचा निषेध म्हणून काही न ठेवता उठाल, तर मालकाचे काही बिघडणार नाही. उपाशी राहील ती वाढपी बाई. तिथे वीस टक्के ठेवावेत आणि ही पद्धत बदलू पाहणाऱ्यांच्या बाजूने उभे राहावे. हे अशक्य नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, नेवाडा, मोंटाना, मिनेसोटा आणि अलास्का या सात राज्यांत टीप वेतनात धरता येत नाही, पूर्ण किमान वेतन द्यावे लागते. तिथली हॉटेले काही ओस पडलेली नाहीत.

५

आपल्या देशात कायद्याची बैठक वेगळी आहे, आणि तिच्या पायाशी पुन्हा बाबासाहेबच आहेत. किमान वेतनाचे विधेयक मजूरमंत्री या नात्याने त्यांनीच १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. टीप हे वेतन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली एका आयकराच्या खटल्यात सांगितले, कारण ती मालक देत नाही, गिऱ्हाईक स्वखुशीने देते. त्याआधी १९७६ साली जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या कामगारांच्या खटल्यात याच न्यायालयाने सांगितले होते की, नोकरांसाठी म्हणून जमा केलेल्या सेवा-आकारावर हक्क नोकरांचा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये बिलात आपोआप सेवा-आकार लावायला मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने २८ मार्च २०२५ ला ती मनाई उचलून धरली. हे ठीक झाले. पण या सगळ्या वादात गिऱ्हाइकाचा हक्क आणि मालकाचा हक्क यांचीच चर्चा जास्त झाली. ताट उचलणाऱ्या माणसाचा पगार किती, हे फारसे कोणी विचारले नाही.

तो पगार मी घेतलेला आहे. १९६८ च्या सुमारास, कॉलेजात असताना, मराठवाड्यातल्या एका शहरात मी हॉटेलात फडके मारले आणि पुढे वाढपी झालो. महिना चाळीस रुपये, दोन वेळचे जेवण आणि रात्री झोपायला तिथलीच बाकडी. फुटलेल्या कपाचे पैसे पगारातून जात. पगार वाढवा म्हटले की गल्ल्यावरून उत्तर येई : ‘चाळीस देतो, वर टीप मिळतेच की!’ पाटलाचे वाक्य मला असे शहरात भेटले. बडीशेपेच्या बशीत पाच-दहा पैसे पडत. त्यासाठी खिडकीजवळचे टेबल आपल्याकडे यावे म्हणून आम्ही वाढपी आपसात भांडत होतो. आणि मोरीवर भांडी घासणाऱ्या दोघांना, संडास धुणाऱ्या बाईला काहीच मिळत नसे. तिन्ही आपल्याच वस्तीतली माणसे. गिऱ्हाइकाच्या नजरेला जे पडते त्यालाच बक्षिसी मिळते. आणि कोणाला नजरेआड ठेवायचे, हे आपल्या समाजात जात ठरवते. टिपेचा हा दोष तिच्या टक्केवारीने सुटणारा नाही.

बलुते आणि टीप एकच आहेत, असे मी म्हणत नाही. बलुते जन्माने गळ्यात पडे, वाढपी नोकरी सोडू शकतो. बलुत्यामागे अस्पृश्यता होती, बशीमागे ती असेलच असे नाही. परंतु देणे चुकवण्याची रीत दोन्हीकडे एक आहे. आणि त्या रीतीने घडणारा माणूसही एकच : मान लववणारा, देणाऱ्याचा चेहरा वाचणारा, मनातला राग गिळून हसणारा.

६

मग किती ठेवावे? हा प्रश्न आज आपल्यासाठी नवा आहे. हॉटेलात शिरण्यासाठी आपल्या समाजाला घटनेचे पंधरावे कलम लागले, खेड्यापाड्यांत वेगळ्या कपबशा फोडाव्या लागल्या. आज आपल्यातले शिक्षक, कारकून, अधिकारी कुटुंबासह टेबलाशी बसतात. पिढ्यान्‌पिढ्या घेणाऱ्याच्या बाजूला उभे असलेले आपण देणाऱ्याच्या बाजूला आलो आहोत. तिथे आपण पाटील होणार की बाबासाहेबांच्या विधेयकाची आठवण ठेवणार, एवढाच प्रश्न आहे.

माझा परिपाठ सांगतो. बिलाचा दहावा भाग मी ठेवतो. सेवा चांगली की वाईट, असा न्याय करीत बसत नाही. कारण वाईट दिवस आला म्हणून कोणी आपला पगार कापत नाही. बिलात सेवा-आकार लिहिला असेल तर तो कामगारांत वाटला जातो का, हे गल्ल्यावर मोठ्याने विचारतो. ठेवायचे ते बशीत टाकत नाही, हातात देतो, आणि मोरीवरच्या माणसांचा वाटा त्यात आहे, हेही सांगतो. वाढप्याला ‘अहो’ म्हणतो आणि नाव विचारून घेतो. आभाराची अपेक्षा ठेवत नाही. आणि आपल्या कामगार संघटनांच्या बैठकीला जाताना हॉटेलकामगारांच्या किमान वेतनाचा दर काय आहे, तो मिळतो का, हजेरीपटावर नाव आहे का, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, हे प्रश्न बरोबर नेतो. दहा टक्क्यांनी माझे मन हलके होईल. त्या माणसाचे घर चालेल ते या प्रश्नांच्या उत्तरांवर.